मदत हवी आहे: चुन्याची निवळी जास्त जातेय तरी केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) घसरतोय (नागपूर, रीफ टँक म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक)

नमस्कार मंडळी,

दगड-वाळू वजा जाता टँकमध्ये साधारण २०० लिटर पाणी आहे. क्लाउनफिशची जोडी, आणि झोआ, मशरूम, थोडं लेदर हे मऊ (सॉफ्ट) कोरल. हार्ड कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते ठेवतच नाही. म्हणजे कॅल्शियम ओढणारं फारसं काही नाही, मागच्या काचेवर जांभळं कोरलाइन (चुन्याचा थर धरणारं शेवाळ) तेवढं.

आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात केएच आणि कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी करते, तीच ऑटो टॉप-अपमधून (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) जाते. हिवाळाभर केएच ८.५ वर टिकून होता. एप्रिलात पारा ४३ च्या वर गेला आणि घसरण सुरू झाली. आता केएच ६.५, कॅल्शियम ४३० वरून ४१५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). खारेपणा (सॅलिनिटी) ३५ वरच आहे. चिलर परवडत नाही, पाण्यावर पंखे लावलेत आणि खोलीत कूलर, त्यामुळे तापमान २७ पर्यंत राहतं. पण रोज चार लिटर पाणी उडतं. हिवाळ्यात जेमतेम दीड लिटर उडायचं.

रिटर्न पंप (टँकमध्ये पाणी परत फेकणारा) उघडला तर इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांवर, पांढरा थर, नखाने खरवडूनही निघेना. व्हिनेगरमध्ये टाकताच फसफसला. कोपऱ्यातली वाळूही ढेकूळ होऊन धरलीय. दुपारचा पीएच ८.६.

दुकानात सांगतात, बफर (केएच वाढवणारी पावडर) टाका. मला ते पटत नाही, आधीच थर धरतोय. सोडा टाकू की निवळी थांबवू? झोआ मिटून बसलेत, बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, निवळी थांबवा. फसफसला म्हणजे तो कॅल्शियम कार्बोनेटच, आणि तुमचे आकडेही तेच सांगतात. कार्बोनेट तयार होताना २.८ केएचमागे २० पीपीएम कॅल्शियम जातं. तुमचे २ आणि १५ बरोबर जुळतात. नायट्रिफिकेशनने (जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात त्याने) केएच खाल्ला असता तर कॅल्शियम जागचं हललं नसतं.

घोळ टॉप-अपमध्ये आहे. पाणी जितकं उडेल तितकी निवळी आत. संपृक्त निवळीचा एक लिटर तुमच्या टँकचा केएच ०.५७ च्या आसपास चढवतो. चार लिटर म्हणजे रोज सव्वादोन! सॉफ्ट कोरलच्या टँकला एवढं लागतच नाही. त्यात कूलर बाहेरची हवा आत ओढतो, घरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि पीएच अजून चढतो. पाणी गरम असलं की कार्बोनेट विरघळतंही कमी. एकदा कण धरले की नवा थर त्यांच्यावरच चढत जातो, म्हणून टाकता त्याहून जास्त निघून जातं.

टॉप-अपला साधं आरओडीआय द्या. केएच साध्या खायच्या सोड्याने वाढवा, भाजलेला सोडा नको, त्याने पीएच चढतो. ३ ग्रॅमने केएच अर्धा वाढेल, एका दिवसात त्याहून जास्त नको. मॅग्नेशियम मोजलंय का?

धागाकर्ती

आत्ताच मोजलं, दादा. ११५०.

प्रतिसाद

कमी आहे, मग तेही हवं. कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांची वाढ मॅग्नेशियम रोखतं, ते १३०० जवळ न्या. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट साधारण २५० ग्रॅम लागेल, लॅब ग्रेडच घ्या. तीन दिवसांत विभागून, आरओडीआयमध्ये विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू ओता. खायचा सोडा आणि हे एकाच वेळी टाकू नका, मधे काही तास जाऊ द्या.