विषय: सुट्टीत परभणी, पोरांना एक दिवस कुठं न्यावं?

कडून: वैशाली (श्टुटगार्ट, माहेर परभणी)

नमस्कार जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळातल्या मंडळी,

फिंग्स्टनच्या (जर्मनीतल्या मे-जूनमधल्या सणाच्या) सुट्टीत परभणीला आलेय, चुलतभावाचं लग्न होतं ते परवा पार पडलं, आता परतीच्या विमानाला आठ दिवस आहेत आणि घरात पाच पोरं आहेत. माझी दोन, भावाची दोन, बहिणीचा एक. बाहेर ४३ डिग्री. अकरापासून पाचपर्यंत दार उघडायची सोय नाही, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि ते संपलं की पुन्हा भरायचं एवढाच उद्योग. त्यात माझ्या मोठ्याने भावंडांना युरोपा-पार्कचे (रुस्ट गावातलं आपलं ते पाळण्या-घसरगुंड्यांचं मोठं पार्क) फोटो दाखवून ठेवलेत, त्यामुळं रोज सकाळी एकच विषय, आत्या आपल्याकडं असलं काई नाई का.

एका दिवसाचं काहीतरी सुचवा. अडचण म्हणजे आबा. दोन वर्षांपूर्वी आई-आबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते तेव्हा मंडळाच्या ट्रिपला त्यांना रुस्टला नेलं होतं, आठवत असेल काहींना, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते एका बाकावर सात बॅगा घेऊन बसले होते आणि आपण सगळे येताजाता त्यांना फ्राईज देत होतो. तेव्हापासून पार्क म्हणलं की म्हणतात, "बॅगाच सांभाळायच्या तर घरी काय कमी हायेत? तुमी जा." तर आबा येतील असं काहीतरी सांगा.

वैशाली

---

कडून: संतोष (म्युनिक, मूळ नांदेड)

ताई, हैदराबाद. दुसरा विचारच करू नका. आपल्या लोकांचा मोठा दवाखाना हैदराबाद, लग्नाचा बस्ता हैदराबाद, मग मजा करायलाच मुंबईकडं कामून पळायचं? रात्री अजिंठा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी हैदराबाद. पोरांना वंडरला पार्क, २०१६ ला सुरू झालंय, आउटर रिंग रोडला लागून. आबांना रामोजी फिल्म सिटी जास्त आवडंल, तिथं बसमधनं फिरवतात, खोटं रेल्वे स्टेशन, खोटं विमानतळ, सगळं दाखवतात. १९९६ पासूनचं आहे आणि गिनीज बुकात नाव आहे. माझ्या वडलांनी तिथं खोट्या स्टेशनावर खऱ्या गाडीची चौकशी केली होती.

संतोष

---

कडून: अनघा (कार्ल्सरूह, मूळ संभाजीनगर)

वैशाली, मे महिन्यात पाच पोरं घेऊन हैदराबाद म्हणजे एक दिवसाचे तीन दिवस होतात. आमच्या गावाकडं ये. शहराच्या बाहेर वॉटर पार्क आहेत, सिडकोत तुझी मावशी आहे ना, आदल्या रात्री तिच्याकडं मुक्काम टाक. पैठणचं ज्ञानेश्वर उद्यानही आहे (सध्या सुरू आहे का ते विचारून घे), आमच्या प्रत्येक शाळेची सहल तिथंच जायची, दुपारी धरणाचे २७ दरवाजे मोजायचे आणि अंधार पडला की रंगीत कारंजं. पण ते संध्याकाळचं काम, उन्हात नको.

वॉटर पार्कला जाशील तर शनिवार-रविवार टाळ. सगळ्यांचे नायलॉनचे कपडे घेऊन जा, सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत आणि तिथं भाड्याने घेतले तर तुला माझी आठवण येईल. डबा आत नेऊ देणार नाहीत हेही धरून चाल.

अनघा

---

कडून: देशमुख काका (फ्रँकफर्ट, मूळ लातूर)

सर्वांना नमस्कार. मी सहसा लिहीत नाही पण राहवलं नाही म्हणून. एप्रिल २०१६ ला मी लातूरला आईकडे होतो. पाणी भरायच्या जागी १४४ कलम लावलं होतं, जमाव जमू नये म्हणून. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी स्वतः स्टेशनवर बघायला गेलो होतो, लोक गाडीला हार घालत होते. त्याच मराठवाड्यात मे महिन्यात पोरांनी पाण्यात घसरगुंडी खेळायची हे मला काही झेपत नाही. ज्याचा त्याचा प्रश्न. वैशाली, तुझ्यावर राग नाही.

काका

---

कडून: वैशाली

जाऊन आलो! लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

काकांचा मेल मी आबांना वाचून दाखवला, खरंतर न जायचं कारण मिळालं म्हणून ते खूश होतील असं वाटलं होतं. तर म्हणाले, "बरोबर इचारतोय माणूस. चल, बघू तरी पाणी आनतेत कुटून." म्हणजे मी महिनाभर मागे लागून जे जमलं नसतं ते काकांच्या एका तक्रारीने जमलं. थँक्यू काका.

अकरा माणसं, एक क्रुझर, परभणी-जिंतूर-मंठा-जालना करत संध्याकाळी मावशीकडं. आईने चार दिवस टिकतील एवढ्या दशम्या आणि धपाटे केले होते, अनघाने सांगितलं होतं आत नेऊ देत नाहीत, तरी आईचं म्हणणं आपल्याला कोण अडवतंय. अडवलं. मग पार्किंगमध्ये लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून सकाळी साडेदहालाच सगळ्यांचं जेवण उरकलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कैरीचं लोणचं, वर गेटवरच्या दोन पोरांनाही आईने धपाटे दिले.

पार्कचं नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रार आहे. बोर्डावर जेवढ्या घसरगुंड्या रंगवल्यात त्यातल्या दोन बंद होत्या आणि तिकीट पुरं घेतलं, विचारलं तर मेंटेनन्स म्हणे. बाकी ठीक. उंचीची पट्टी इथंही आहे, भावाचा धाकटा दोन बोटांनी कमी पडला आणि त्याने जी भोकाड पसरली ती मी तिकडंही ऐकली नव्हती. आई आणि मावशी शेडमध्ये पंख्याखाली बसल्या त्या पाचपर्यंत हलल्या नाहीत, माझ्या अंदाजाने तेवढ्यात पाच-सहा लग्नं जुळवली आणि दोन मोडली.

आता आबा. बॅगा आईकडं ढकलल्या आणि धोतर सावरत वेव्ह पूलच्या (लाटांच्या तलावाच्या) कडेने चालायला लागले. मला वाटलं पाय मोकळे करायलेत, तर पावलं मोजत होते. लांबी चाळीस पावलं, रुंदी वीस. त्यांचं पाऊल पाऊण मीटरचं, प्लॉट आखून आखून पक्कं झालेलं, तीस वर्षं कृषी विद्यापीठात गेलीत. म्हणजे तीस मीटर बाय पंधरा, एका टोकाला खोली शून्य, दुसऱ्या टोकाला पुरुषभर, सरासरी मीटरभर धरा. साडेचारशे घनमीटर. साडेचार लाख लिटर. माझ्या फोनवर लातूरचं शोधायला लावलं, १२ एप्रिल २०१६ ला जी पहिली गाडी आली तिला दहा वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, पाच लाख लिटर. (पन्नास वाघिणींची पंचवीस लाख लिटरची गाडी त्यानंतर आली.) तर आबा वेव्ह पूलकडं बोट दाखवून म्हणाले, "म्हंजे ही एक गाडी झाली बघ." आणि गप्प बसले. मला पाण्यात उतरावंसं वाटेना थोडा वेळ, खरं सांगते. मग पोरांनी ओढलं.

अर्ध्या तासाने बघते तर आबा गायब, माझा मोठाही गायब. भोंगा झाला, लाटा सुरू झाल्या, सगळी पोरं किंचाळत पाण्यात आणि हा नाही. शोधत शोधत मागच्या बाजूला गेले तर पंपहाऊसच्या दारात दोघं, सोबत पंप चालवणारा पोरगा, घनसावंगीकडचा, आयटीआय केलेला. आत येऊ नका अशी पाटी होती. पण आबांनी विद्यापीठाचं नाव घेतलं, आणि त्याच्या चुलत्याने वर्षानुवर्षं नांदेड ४४ कपाशी लावलेली निघाली, जे वाण विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्रावरचं, तर पोरगा एकदम सर सर करायला लागला. आबा रिटायर झाल्यापासून त्यांना सर कोणी म्हणत नाही. पाठ ताठ झाली होती त्यांची.

तिथं जे कळलं ते असं. पाणी रोज बदलत नाहीत, तेच फिरवतात. पूलमधलं पाणी पंपाने ओढायचं, वाळूच्या मोठ्या फिल्टरमधनं गाळायचं, क्लोरीन द्यायचं, परत सोडायचं, फिल्टर तुंबला की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. सुती कपड्यांचं खरं कारणही तिथंच कळलं, सुताचे धागे सुटतात आणि फिल्टरला जाऊन बसतात, मी इतकी वर्षं भाड्याच्या कपड्यांचा धंदा म्हणून शिव्या घालत होते. (धंदाही आहेच, पण.) लाटांचं तर मला तिकडंही माहीत नव्हतं, भिंतीमागं खोल्या आहेत, ब्लोअरने त्यात हवा भरतात, पाणी खाली दाबलं जातं, हवा सोडली की पाणी परत वर, एकाआड एक खोली अशी. माझ्या पोराला वाटायचं मागून मशीन ढकलतं. त्याला ते इतकं आवडलं की पुढच्या दोन वेळा भोंगा झाला तेव्हा तो लाटांत नव्हता, भिंतीमागं उभा राहून हवेचा आवाज ऐकत होता.

क्लोरीन तपासायला छोटी नळी असते, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आबांनी लगेच नळी उजेडात धरली, माती परीक्षणाच्या लॅबमधले हात. मग त्या पोराला विचारलं, "रोज वरून किती टाकता?" तो म्हणाला बोअरचं पुरत नाही, मे महिन्यात टँकर लागतो. आबा म्हणाले लागणारच, या उन्हात दिवसाला दहा मिलिमीटर तरी पाणी उडतं, साडेचारशे चौरस मीटरवर म्हणजे साडेचार हजार लिटर, वर पोरं अंगावर घेऊन जातात ते वेगळं. रोजचा एक लहान टँकर हवेत उडून जातो. मग जेवणाच्या कूपनच्या मागं चित्र काढून त्याला दाखवलं की पाणी कमी उडावं म्हणून वर शेडनेट कसं ताणायचं, खांब कुठं घ्यायचे. पोरगा म्हणाला मालकाला सांगतो. सांगेल का माहीत नाही.

येताना क्रुझरमध्ये सगळी पोरं झोपली, आबा जागे. जालन्याच्या पुढं म्हणाले, "बाहत्तरच्या दुस्काळात मी इकवीस वर्षाचा होतो, तलावाच्या कामावर होतो. खोदला आमी, पानी बघितलं दुसऱ्या साली." एवढंच. मंठ्याला चहाला थांबलो तेव्हा विषय बदलला होता, क्रुझरच्या ॲव्हरेजवर बोलत होते.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. पोरांना मजा आली आणि हिशोबही झाला, दोन्ही लिहिलंय.

वैशाली

---

कडून: देशमुख काका

आबांना माझा नमस्कार सांग. हिशोब मी पुन्हा करून बघितला, बरोबर आहे. माझा विरोध कायम आहे, पण शेडनेटचं झालं तर कळव. आणि आबा इकडे कधी येणार आहेत? मला त्यांच्याशी बोलायचं आहे, मेलवर नको.

काका

---

कडून: मंडळ सेक्रेटरी

मंडळी, धाग्यात धागा घालते, रागवू नका. सप्टेंबरची ट्रिप नेहमीप्रमाणे रुस्टलाच, मात्र यंदा काही जणांनी युरोपा-पार्कऐवजी शेजारच्या रुलँटिकाचा आग्रह धरलाय, ते वॉटर पार्क आहे, छताखालीही बरंच आहे. वैशालीचं वाचून वाटतंय की पाहुणे आलेल्या आई-वडलांचं काय करायचं हे आपण एकदाही ठरवलेलं नाही, बाकावर बसवतो आणि विसरतो. यंदा लॉकर मंडळाच्या खर्चाने घेतेय, बाकावर बॅगा नकोत. आकडे रविवारपर्यंत कळवा.

---

कडून: वैशाली

आमचे मोठे चार, लहान दोन. आबांचा व्हिसा ऑगस्टपासून धरलाय. लॉकरचं त्यांना सांगितलं तर म्हणाले मग येतो. देशमुख काकांच्या गाडीत जागा असेल तर त्यांना तिकडं बसवा, दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. आणि रुलँटिकाचं पंपहाऊस कुठल्या बाजूला आहे, कुणाच्या ओळखीचं तिथं आहे का, हे आबांनी विचारायला सांगितलंय.

वैशाली