घरचा मेल सर्व्हर: नेमका फायदा काय?

प्रश्न
स्वतःचं डोमेन आहे, घरी लिनक्सचा छोटा संगणक चोवीस तास चालू असतो. मेल सर्व्हर घरी ठेवायला ठोस कारण काय? आणि वीज गेली तर त्या वेळात येणारे मेल हरवतात का?

उत्तर १
नाही हरवत. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये या प्रयत्नांची मुदत मुळातच ५ दिवसांची असते. खरं कारण म्हणजे ताबा. डव्हकॉटला (मेलपेटी सांभाळणारं सॉफ्टवेअर) मेल साठवायचं मेलडिर स्वरूप दिलं की प्रत्येक मेल वेगळी फाइल होते, आरसिंकने (फाइली कॉपी करणारी आज्ञा) सरळ बॅकअप घेता येतो. शिवाय प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा पत्ता द्या. कुठून पत्ता फुटला ते लगेच कळतं आणि तेवढाच बंद करता येतो.

उत्तर २
मेल घेणं सोपं, पाठवणं अवघड. घरगुती जोडणीवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बऱ्याचदा बंद असतो आणि पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) इंटरनेट कंपनीच्याच हातात असते. म्हणून जाणारे मेल पोर्ट ५८७ वरून रिलेमार्फत (आपले मेल पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) सोडा आणि एसपीएफमध्ये (डोमेनच्या वतीने कोण मेल पाठवू शकतं ती डीएनएस यादी) त्या रिलेची नोंद घाला. येणाऱ्या मेलसाठी मात्र २५ उघडा लागतोच. बाहेरच्या नेटवर्कवरून आधी तपासा.

उत्तर ३
वरच्यात एक भर. डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही) २०४८ बिटची किल्ली डोमेनच्या डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत एका तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करा, मध्ये स्वल्पविराम नको. इथे चुकलं की सही पडताळली जात नाही आणि मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात.