थोरली मुलगी आणि मग जुळे: महापालिकेला उभं राहता येतं का?

वडगावकर:
आमच्या बचत गटातल्या एका ताईंना पुणे महापालिकेसाठी उभं करायचंय, ओबीसी महिला जागेवर. मुलगी २००९ची, २०१३ला जुळे मुलगे. वस्तीत सगळे म्हणतात, तीन लेकरं आहेत, छाननीतच अर्ज बाद होणार. मतदारयादीत नाव अजून माहेरी, साताऱ्यात आहे. काय करावं?

आघारकर:
बाद होणार नाही. दोन अपत्यांची अट आहे, पण एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. म्हणजे ताईंची गणती दोनच. (आधी जुळी आणि मग तिसरं, अशा क्रमाला मात्र ही सवलत नाही.) तिन्ही जन्मदाखले आत्ताच काढा आणि आईचं नाव सगळीकडे अक्षरशः एकच आहे का ते बघा. जुळ्यांपैकी एक रात्री बाराच्या आधी आणि दुसरा नंतर झाला असेल तर दोन तारखा दिसतात आणि तिथेच हरकत येते. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. अशा ऐकीव गोष्टींपायी चांगल्या बायका मागे फिरतात, फार वाईट वाटतं.

पर्वती_१९:
नाव हलवायला नमुना ८ भरा, नमुना ६ नको. नवीन नोंदणी केली तर दोन ठिकाणी नाव राहतं आणि तो गुन्हा आहे. घाई करा. राज्य निवडणूक आयोग ठरवतो त्या तारखेची विधानसभेची यादी फोडून प्रभागाची यादी करतात. त्यानंतर आलेलं नाव प्रभाग यादीत येत नाही, हरकत घेऊनही नाही.

वडगावकर:
जातीचा दाखला सासरच्या नावाने काढायचा ना?

आघारकर:
नाही! जात जन्माची, कागद माहेरचे. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे निर्गम उतारे शोधा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद असली की जातपडताळणीला जोर येतो. माहेरचं आणि सासरचं नाव जोडायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट लागेल. पडताळणीचा अर्ज आजच टाका, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

पर्वती_१९:
मिळकतकराची थकबाकी आधी भरून पावती ठेवा. सूचक आणि अनुमोदक (उमेदवारी अर्जावर नाव सुचवणारा आणि त्याला दुजोरा देणारा) त्याच प्रभागाचे मतदार हवेत, त्यांचे यादीतले अनुक्रमांक स्वतः ताडून घ्या. आणि खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा, हरलात तरी.