फोर्स वन, सी-६० आणि जिल्ह्यांचे क्यूआरटी: सर्वांना एकच परीक्षा असावी का?

सह्यपायथा: मुंबईसाठी २००९ मध्ये उभारलेले फोर्स वन, गडचिरोलीत १९९० पासून असलेले नक्षलविरोधी सी-६० आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील क्यूआरटी (शीघ्र प्रतिसाद पथके) या सर्वांना आपण सरसकट ‘कमांडो’ म्हणतो, पण त्यांच्या तयारीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्याला तोंड द्यायला एनएसजीचे (केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) जवान मानेसरहून मुंबईत पोहोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता. मधले सगळे तास स्थानिक पोलिसांनी निभावले. म्हणूनच इमारतीत शिरणे आणि ओलीस सोडवणे यांसाठी राज्यभर एकच अभ्यासक्रम व वार्षिक परीक्षा असावी आणि अनुत्तीर्ण जवानाला पथकात ठेवू नये, असे माझे मत आहे.

वैनगंगाकाठ: मला हे मान्य नाही. सी-६० चे बळ स्थानिक भरतीत आहे. माडिया किंवा गोंडी बोलणारा जवान पाड्यावरच्या म्हातारीशी दोन वाक्ये बोलून जे जाणतो, ते बाहेरच्या पथकाला आठवडाभरात कळत नाही. शेजारच्या तेव्हाच्या अखंड आंध्रात १९८९ मध्ये उभे राहिलेले ग्रेहाउंड्स हे नक्षलविरोधी दलही जंगलासाठीच घडवले गेले होते. अशा जवानांना जिन्यांवरून खोल्यांत शिरण्याच्या परीक्षेत बसवायचे, तर तेवढे दिवस जंगलातल्या सरावातूनच कापावे लागतील.

निवृत्त हवालदार: मी एका जिल्ह्याच्या क्यूआरटीत चार वर्षे काढली. खोलीत शिरण्याचा सराव आम्ही परेड मैदानावर करत असू: चुन्याची फक्की मारून भिंती आखायच्या आणि दोन बांबू रोवले की झाला दरवाजा. गोळीबारानंतर पुंगळ्या मोजून परत कराव्या लागत, आणि एखादी गवतात हरवली की सरावापेक्षा तिच्या शोधातच अधिक वेळ जाई. अभ्यासक्रम आमच्याकडेही होता. मात्र गणपती, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तातून त्याला दिवसच मिळत नसत. २००८ च्या त्या हल्ल्यातील पोलिसांच्या कामगिरीची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनेही नोंदवले होते की, दारूगोळ्याच्या टंचाईमुळे मुंबईच्या क्यूआरटीचा गोळीबाराचा सराव सप्टेंबर २००७ पासून झालेलाच नव्हता. अशा स्थितीत परीक्षा घेऊन नापास कोणाला करणार, जवानाला की काडतुसे न देणाऱ्याला?

सह्यपायथा: हवालदारसाहेब, तुमचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. परीक्षेबरोबर सरावाचे दिवस आणि प्रत्येकी झाडलेल्या गोळ्या यांची नोंद सक्तीची केली, तर पथक बंदोबस्ताला जुंपणाऱ्या अधिकाऱ्यालाही जाब द्यावा लागेल. आज असे मोजमाप नसल्यामुळेच सगळे झाकले जाते.

वैनगंगाकाठ: नोंदवहीला माझा विरोध नाही, पण तिच्यात काय मोजले जाणार, यावर आपले जुळत नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खाजगी वाहनाचा चालक असे १६ जण मारले गेले, तिथे नेमबाजीचा प्रश्नच नव्हता. रस्ता तपासल्याशिवाय गाडीत बसायचे नाही, हा नियम घाईच्या वेळीही पाळला जातो का, हे तुमच्या परीक्षेत येणार असेल तर मी विचार करीन; केवळ खोल्या आणि जिने येणार असतील, तर गडचिरोलीला त्यातून वगळावे.

निवृत्त हवालदार: आणि चुन्याच्या भिंतींच्या जागी आधी खऱ्या चार भिंती बांधून द्याव्यात. जिल्ह्यात ओस पडलेली सरकारी गोदामे काही कमी नाहीत.