चित्र येत नसेल तर कॉमिक्स लेखक होता येतं काय?

पोरगा नववीत आहे, खानापूरला असतो आम्ही. गणिताच्या वहीत मागच्या पानांवर नुसते विनोदी संवाद लिहितोय, चौकोन आखून, आत माणसं काड्यांची. चित्र जमत नाही म्हणून रडकुंडीला येतो हो. काय सांगू त्याला?

» ताई, त्याला रने गोसिनीचं सांगा. अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच विनोदी कॉमिक्सचा लेखक, जन्म १९२६ पॅरिसचा पण लहानपण सगळं अर्जेंटिनात, वडील गेले तेव्हा १७ वर्षांचा आणि लगेच नोकरी धरावी लागली. आधी चित्रंच काढायचा, मग सोडली आणि नुसतं लिहायला लागला, कुठल्या चौकोनात कोण काय करतोय कोण काय बोलतोय सगळं टाइप करून द्यायचा, उदेर्झो चित्र काढायचा. १९५९ ला सुरू झालं अ‍ॅस्टेरिक्स.

» आणि त्याआधी लेखकांचे हक्क मागितले म्हणून नोकरी गेली होती त्याची! १९७७ मध्ये डॉक्टरकडे हृदयाची तपासणी चालू असतानाच गेला, फक्त ५१. अ‍ॅस्टेरिक्सचा बेल्जियमवाला भाग अर्धवट होता, उदेर्झोने त्याच्या दुःखात पुढच्या पानांवर आभाळ पावसाचं काढलं. मी बेळगावात जुन्या पुस्तकांत घेतला तो, ती पानं बघून अजून गलबलतं.

» ताई ती वही टाकू नका हं. वर्गात चित्र काढणारं पोरगं असणारच की एखादं, दोघांना एकत्र बसवा.