पंधरावा आठवडा चालू आहे, घरात मांजर आहे आणि शिंका थांबेनात, काय करू सांगा की

नमस्कार. मी बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला राहते, पहिलंच बाळंतपण, पंधरावा आठवडा लागलाय. घरात मनी आहे, मांजरी, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासूनची आणि मामांची (सासऱ्यांची) एकदम लाडकी. माजघरात वर्षाचं भात गोण्यांत भरून ठेवलेलं असतं, उंदरांना तीच आवरते, त्यामुळे ती नुसती शोभेची नाही हे आधी सांगते.

मला लहानपणी दमा होता, नंतर कमी झाला, मनीमुळे पण थोडंफार नाक गळायचं तेवढंच. आता मात्र पहाटे उठल्या उठल्या सलग पंधरा-वीस शिंका, डोळे खाजायलेत, नाक रात्रभर बंद आणि मागच्या आठवड्यात दोन रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखं झालं. दम्याचा पंप घरात आहे पण आत्या (सासूबाई) म्हणाल्या पोटात बाळ असताना तसलं काही ओढायचं नाही, म्हणून मी पण घाबरून घेतला नाही. मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिली ती तशीच ड्रॉवरमध्ये आहे. शेजारच्या काकी रोज येऊन सांगायलेत की मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला लागतो, आता आत्यांनी ठरवलंय की येत्या रविवारी मनीला पोत्यात घालून लांब शेतात सोडून यायचं. मामा दोन दिवस जेवताना बोलत नाहीत. ह्यांची उद्यमबागला फौंड्रीत शिफ्ट, ते म्हणतात तुम्ही बायका बायका बघा.

मला मनीला सोडायचं नाहीये, पण बाळाला काही व्हायला पण नको. घरात ठेवून निभवता येतं का, कोणती औषधं चालतात, आणि ते मांजराच्या घाणीतून रोग होतो म्हणतात ते काय आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. तायी कार्डावर (गरोदर बायकांना मिळतं ते सरकारी कार्ड) सगळं कन्नडात आहे, मला अर्धं कळतंय अर्धं नाही.

सडेतोड_खानापूर: ताई, सरळ सांगतो, मांजर द्या कुणालातरी. बाळापेक्षा मांजर मोठं आहे काय?

निपाणीची_सून: सडेतोड भाऊ, एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. माझ्या दुसऱ्या वेळी आम्ही बोका माहेरी पाठवला आणि मी पुढे दोन-अडीच महिने तशीच शिंकत बसले. नंतर कळलं की त्रास केसांचा नसतोच, मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलात एक प्रथिन असतं, फेल डी १ म्हणतात त्याला, ते चाटून चाटून अंगभर लागतं, वाळतं आणि बारीक कण होऊन गाद्या, पडदे, भिंतींना चिकटतं. मांजर गेल्यावर पण ते घरातून कमी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात. ताई, हिशोब करा, आज मनीला सोडली तरी घर स्वच्छ होईपर्यंत तुमचा नववा महिना लागेल. म्हणजे साफसफाई तर दोन्हीकडून करायचीच आहे. आणि पोत्यात घालून सोडणं वगैरे नको हो, द्यायचीच झाली तर माणसाच्या घरी द्या.

माझं विचाराल तर पहिलं काम वाकळ. मनी तुमच्या वाकळेवर झोपते ना? आमच्यात सगळी मांजरं वाकळेवरच झोपतात. ती वाकळ, उशा, चादरी गरम पाण्यात धुवा, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून धुवून घ्या. ह्या पावसात वाळणार नाही हे मला माहितेय, आम्ही इस्त्रीवाल्याकडे टाकून वाळवून आणलेली. तुमच्या झोपायच्या खोलीत मनीला आजपासून बंदी, दार कायम लावलेलं. केर काढताना तुम्ही तिथे थांबू नका आणि कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. धूप, उदबत्ती, चुलीचा धूर ह्याने पण नाक पेटतं, निपाणीत आम्हाला तंबाखूची धूळ वेगळीच.

नर्स_चिकोडी: वाकळ नंतर, आधी पंपाचं बोलते. ताई, छातीत शिट्टी वाजायलीय आणि तुम्ही पंप बंद केलाय, हे ह्या सगळ्यात सगळ्यात धोक्याचं आहे. दम लागला की आईला ऑक्सिजन कमी पडतो आणि मग बाळाला पण. दम्याचे बहुतेक पंप गरोदरपणात चालू ठेवतात, त्याने होणाऱ्या धोक्यापेक्षा न आवरलेल्या दम्याचा धोका मोठा. उद्याच डॉक्टरांकडे जा, जुना पंप एक्सपायर झालाय का तेवढं आजच बघा. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा पंप घेऊन पण आराम पडला नाही तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

मेडिकलची ती गोळी घेतली नाहीत ते बरं केलंत. सर्दीच्या गोळीत तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यातली नाक मोकळं करणारी पहिल्या तीन महिन्यांत तर टाळतातच. लोराटाडीन, सेट्रिझिन, नाकात मारायचा ब्युडेसोनाइड स्प्रे हे गरोदरपणात पुष्कळ वापरलेले आहेत, पण कोणतं आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात जेमतेम अर्धा चमचा मीठ. त्याला कुणाला विचारायला नको.

अजून एक, सगळं मनीवर ढकलू नका. गरोदरपणात संप्रेरकांमुळे नुसतंच नाक बंद होतं, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत जातं. पण तुमचे डोळे खाजायलेत, शिंका आहेत, म्हणजे ॲलर्जी पण आहेच. ती मांजराची, की पावसात भिंतीला आलेल्या बुरशीची, की भाताच्या गोण्यांच्या धुळीची, हे रक्ताच्या तपासणीत कळतं. टोचून करायची कातडीची टेस्ट सहसा बाळंतपणानंतर करतात.

आणि तो रोग टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूमुळे होतो, त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. उंदीर खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून तो येऊ शकतो, पण विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची आणि ती तुम्ही काढायची नाही. शेतात, परसात माती हाताळू नका, पालेभाजी नीट धुवा, मटण पुरतं शिजलेलं खा, कारण पुष्कळदा लागण माती आणि कच्च्या मांसातूनच होते. डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीबद्दल विचारा, आधी कधी होऊन गेलेला असेल तर बाळाची काळजी बरीच कमी होते. केसाचं म्हणाल तर केस पोटात गेला म्हणून बाळाला लागत नाही, बाळ पोटात नसतं, गर्भाशयात असतं. काकींना सांगा :)

सडेतोड_खानापूर: बरं, मी माझे शब्द मागे घेतो. ते हवा गाळायचं हेपा मशीन घेतलं तर?

नर्स_चिकोडी: झोपायच्या खोलीत एक ठेवलं तर थोडा उपयोग होतो. पण आधी वाकळ आणि दार, ते फुकट आहे.

(धागा सुरू करणारी): सगळ्यांचे खूप आभार, चार दिवसांनी लिहायलेय. डॉक्टरांनी पंप परत चालू केला आणि एक गोळी दिली, रात्रीची शिट्टी बंद झाली, सकाळी शिंका अजून आहेत पण सात-आठवर आल्यात. रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. रविवारचं पोतं रद्द झालं, डॉक्टरांनी आत्यांनाच समोर बसवून सांगितलं म्हणून, माझं ऐकलं नसतं. मनी आता ओसरीवर गोणपाटावर झोपते, पहिल्या रात्री दार खरवडत होती, मला वाईट वाटलं. पावसामुळे बाहेर जात नाही म्हणून तिच्यासाठी घमेल्यात राख-माती ठेवलीय, ते मामा रोज सकाळी हातमोजे घालून साफ करतात. आत्या म्हणतात चाळीस वर्षांत माझं एक भांडं उचललं नाही आणि आता मांजराची घाण काढायलेत बघा.