गणिताविषयीची शिक्षकाची धारणा वर्गात खरोखर उतरते का?

प्रश्न

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवतो. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्तनवाद (सराव आणि बक्षीस-शिक्षा यांतून शिकणे घडते हे मत), ज्ञानरचनावाद (विद्यार्थी ज्ञान स्वतः रचत जातो हे मत) वगैरे प्रकरणे रीतसर वाचली आणि परीक्षेत त्यांवर उत्तरेही लिहिली. परंतु फळ्यासमोर उभे राहिल्यावर त्यांतले फारसे काही उपयोगी पडल्याचे जाणवत नाही. अपूर्णांकांचा भागाकार घ्या. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ एवढे सांगितले की तासिका संपायच्या आत वर्ग उदाहरणे सोडवू लागतो. तो नियम का चालतो हे समजावायला बसलो, तर अभ्यासक्रम मागे पडतो. असे असताना शिक्षकाची तात्त्विक बैठक त्याच्या शिकवण्याला वळण देते, की वेळापत्रक आणि परीक्षाच सर्व ठरवतात?

प्रतिसाद १

बैठक नसलेला शिक्षक नसतो. ती त्याने कधी शब्दांत मांडलेली नसते, इतकेच. फ्रेंच गणिती रने थॉम यांनी १९७२ मध्ये एक्झिटर येथील आंतरराष्ट्रीय गणितशिक्षण परिषदेत हेच प्रतिपादन केले होते की, गणिताची कोणतीही अध्यापनपद्धती, ती कितीही विस्कळीत असली तरी, गणिताच्या एखाद्या तत्त्वज्ञानावरच उभी असते. पुढे गणितशिक्षणाचे अभ्यासक पॉल अर्नेस्ट यांनी १९८९ मधील एका लेखात शिक्षकांच्या धारणांचे तीन प्रकार मांडले. काहींच्या लेखी गणित म्हणजे कामापुरत्या नियमांचा संग्रह असतो, काहींना ती आधीपासून सिद्ध असलेली एकसंध रचना वाटते, तर काही जण त्याकडे माणसाने प्रश्न सोडवता सोडवता वाढवलेले आणि अजूनही दुरुस्तीला खुले असलेले शास्त्र म्हणून पाहतात.

हा फरक चुकीच्या उत्तराशी गाठ पडली की लख्ख दिसतो. पाऊण भागिले अर्धा किती, असे विचारल्यावर एखादी मुलगी ‘सव्वा’ म्हणते. पाऊणमध्ये अर्धा एकदा बसतो आणि पाव उरतो, म्हणून सव्वा, असा तिचा विचार असतो. पहिल्या प्रकारचा शिक्षक उत्तरावर फुली मारून नियम पुन्हा म्हणून घेईल. दुसरा गुणाकार व्यस्ताची, म्हणजे अपूर्णांक उलटा करून का गुणायचे याची, उपपत्ती फळ्यावर नेटकेपणाने मांडेल, आणि ती निर्दोषही असेल. तिसरा मात्र ‘उरलेला पाव हा कशाचा पाव?’ असे वर्गालाच विचारेल. कारण तो पाव एकाचा असला तरी अर्ध्याचा अर्धा आहे, आणि म्हणूनच उत्तर दीड येते. माझ्या मते त्या मुलीच्या चुकीत निम्म्याहून अधिक गणित बरोबर आहे, आणि ते ओळखायला गणिताकडे पाहण्याची विशिष्ट दृष्टी लागते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो. नियम सांगून वेळ वाचतो, हा हिशोब पुष्कळदा फसवा असतो. गणितशिक्षणाचे संशोधक स्टॅन्ली अर्लवांगर यांनी १९७३ मध्ये बेनी या टोपणनावाच्या सहावीतल्या मुलाविषयी लिहिले. तो ज्या स्वयंअध्ययन कार्यक्रमात शिकत होता, त्यात चाचणीत ऐंशी टक्के गुण मिळाले की पुढचा घटक हाती येई, आणि या मोजमापाने बेनीची प्रगती चांगली चालली होती. प्रत्यक्षात अपूर्णांक दशांश रूपात लिहिताना तो अंश आणि छेद यांची बेरीज करून दशांश चिन्ह देत असे: दोन छेद दहा म्हणजे १.२, आणि चार छेद अकरा काय किंवा अकरा छेद चार काय, दोन्ही १.५! त्याच्या दृष्टीने गणित म्हणजे कोणीतरी ठरवलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या नियमांचा ढीग होता. ही समजूत त्याला कोणी शिकवली नव्हती. कार्यक्रमाच्या रचनेतच ती दडलेली होती.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे. तथापि त्यांतून ‘मुलांनी सर्व काही स्वतः शोधावे’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. गणित हे मानवनिर्मित आहे असे मानणे वेगळे आणि नवख्या विद्यार्थ्याला मदतीविना सोडणे वेगळे. शिकण्याच्या प्रक्रियेचे संशोधक जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताबाबत दाखवले की, नवशिक्यांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्यास तशाच प्रकारची उदाहरणे त्यांना अधिक लवकर जमतात. विद्यार्थी तरबेज होत जातो तसतसा हा लाभ घटतो, असेही नंतरच्या संशोधनात आढळले.

परीक्षा आणि वेळापत्रक यांविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे. शिक्षक बोलून दाखवतो ती धारणा आणि वर्गात उतरते ती, यांत शाळेच्या दडपणामुळे अंतर पडते, हे अर्नेस्ट यांनीही त्याच लेखात नोंदवले आहे. तेव्हा पूर्ण उपपत्तीसाठी वेळ नसेल, तर निदान ‘पाऊणमध्ये अर्धा किती वेळा बसतो’ हा एक प्रश्न नियमाच्या आधी विचारून पाहा. नियम त्यानंतर दिला तरी चालेल, आणि उत्तर सव्वा आले तर तेथे अवश्य थांबा.